समोरच्या दातातलं फिलिंग: आतला काळेपणा झाकतो कसा आणि कुठे झाकत नाही

शेड_ए२

नमस्कार मंडळी,

"दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, तरी आतून काळपट का दिसतंय?" हा प्रश्न या विभागात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतो आणि उत्तर म्हणून "डॉक्टर बदला" एवढंच मिळतं. म्हणून सगळं एका जागी लिहितो. ठाणे-नवी मुंबईतली जी दंतवैद्य मंडळी इथे वावरतात त्यांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

मूळ मुद्दा असा की कॉम्पोझिट, म्हणजे ते दाताच्या रंगाचं सिमेंट, हा रंग नाही. डिस्टेंपर खालची भिंत दिसू नये म्हणून बनवतात. कॉम्पोझिट मात्र मुद्दाम अर्धपारदर्शक बनवतात, कारण खरा दात तसाच असतो. उजेड आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि काही बाहेर येतो. आत काळसर डेंटिन (इनॅमल या वरच्या कवचाखालचा दाताचा भाग), जुन्या चांदीच्या फिलिंगचा राखाडीपणा किंवा धातूचा पोस्ट (मुळात बसवलेली खुंटी) असेल, तर उजेड तिथे शोषला जातो आणि परत येत नाही. तो न परतलेला उजेड आपल्याला राखाडी सावलीसारखा दिसतो.

ही सावली घालवायला दोनच गोष्टी हातात असतात, थराची जाडी आणि थराची अपारदर्शकता. अपारदर्शकता वाढवत गेलं की दात मेलेला, खडूसारखा दिसायला लागतो. जाडी वाढवायची तर दात कोरावा लागतो. सगळी ओढाताण या दोघांत आहे. शेड कुठली घेतली हे त्यानंतर येतं.

ढोबळ मापं देतो. कंपनीगणिक फरक पडतो, पण अंदाजाला पुरेत:

मागे काहीच नाही, थेट तोंडाची पोकळी आहे (आरपार पोकळी किंवा तुटलेला कोपरा), तर साध्या डेंटिन शेडचा १ मि.मी. थर पुरत नाही, राखाडी दिसतोच. ओपेक डेंटिन १.५ ते २ मि.मी. लागतं.

मागे तपकिरी पण टणक डेंटिन आहे, म्हणजे शेड गाइडवरच्या (रंगछटांचा नमुनासंच) सी४ या गडद छटेच्या आसपास, तर ओपेक डेंटिनचा साधारण १ मि.मी. थर आणि त्यावर इनॅमल शेड यात बहुतेक वेळा भागतं.

जागा १ मि.मी. पेक्षा कमी असेल तर ओपेकर नावाचं वेगळं पातळ मटेरियल येतं. त्याबद्दल खाली लिहीन.

खोपट_स्टँड

साधा प्रश्न आहे. काळं झाकायचंच आहे, तर सगळ्यात पांढरी शेड का घेत नाहीत? ए१ किंवा ते ब्लीच शेड म्हणतात ते?

शेड_ए२

पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्यूबवर ए१ लिहिलेलं असतं, त्यापुढे ई, डी किंवा ओ असं अक्षर असतं: इनॅमल, डेंटिन, ओपेक. झाकण्याचं काम त्या अक्षरावर ठरतं. इनॅमलच्या फिक्या शेड बऱ्याचदा जास्त पारदर्शक असतात. त्या काळ्यावर लावल्या तर दात पांढरा होण्याऐवजी निळसर राखाडी होतो. पेशंट म्हणतो "अजून पांढरं करा", डॉक्टर आणखी फिकी इनॅमल शेड चढवतात आणि दात आणखी राखाडी होतो. हे चक्र बऱ्याच ठिकाणी चालतं.

रंगद्रव्य

टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात रंगाच्या कारखान्यात काम करतो, दातांचा तज्ज्ञ नाही. पण 'हायडिंग पॉवर' हे आमचं रोजचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे तेवढ्यापुरतं लिहितो.

झाकण्याची ताकद येते अपवर्तनांकाच्या (पदार्थात उजेड किती वळतो त्याचं माप) फरकातून. कणाचा अपवर्तनांक आणि भोवतालच्या राळेचा अपवर्तनांक जितका जवळ, तितका उजेड सरळ पार. जितका लांब, तितका तो विखुरतो. कॉम्पोझिटमधली राळ आणि बेरियम काच दोन्ही १.५ च्या आसपास असतात, म्हणून मिश्रण अर्धपारदर्शक राहतं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची चिमूट टाकली (अपवर्तनांक २.५ च्या वर) की चित्र पालटतं. कणाचा आकार ०.२ ते ०.३ मायक्रॉन, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा असेल तर विखुरणं सगळ्यात जास्त. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हाच पदार्थ, हाच आकार. दातात मात्र अत्यल्प लागतो, नाहीतर टूथपेस्ट भरल्यासारखं दिसेल.

जाडीचं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलं, आम्ही आजही तेच वापरतो. त्यातली व्यवहारातली गोष्ट ही की जाडी आणि झाकणं यांचं नातं सरळ रेषेत नाही. पहिला अर्धा मि.मी. खूप काम करतो, पुढचा त्याहून कमी, त्यापुढचा आणखी कमी. शेवटचा जरासा राखाडीपणा घालवायला सगळ्यात जास्त माल जातो. चुन्याचा एक हात मारला की जुना गेरू डोकावतोच, आणि चौथ्या हातालाही कोपऱ्यात दिसतोच, तो याच कारणाने.

डॉक्टरांना एक प्रश्न: टायटॅनियम उजेड परत फेकतो, तर तुमचा तो निळा क्युअरिंग लाइट खालपर्यंत जातो कसा?

शेड_ए२

नेमकं तिथेच बोट ठेवलंत. जात नाहीच नीट.

कॉम्पोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन असतं. ते ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड पिऊन घट्ट होण्याची क्रिया सुरू करतं. ओपेक शेडमध्ये तो उजेड वरच्या वरच विखुरतो. म्हणूनच आयएसओ ४०४९ या मानकात साध्या शेडसाठी क्युअर खोली किमान १.५ मि.मी. मागितली आहे आणि ओपेकसाठी फक्त १ मि.मी. साध्या शेडला २ मि.मी. थर आणि ८०० मिलीवॅट प्रति चौ. सें.मी.ने २० सेकंद म्हणजे १६ ज्यूल, हा सर्वसाधारण हिशोब. ओपेक डेंटिन १ मि.मी.च्या वर एका वेळी भरायचं नाही आणि ४० सेकंद द्यायचे. ओपेकर असेल तर अर्धा मि.मी. किंवा कमी, तरीही ४० सेकंद.

इथे घाई झाली तर खालचा थर अर्धा कच्चा राहतो. वरून टणक लागतो, पॉलिशही छान घेतो. सहा-आठ महिन्यांनी पिवळट-तपकिरी दिसायला लागतो आणि सगळे समजतात की खालचा डाग परत वर आला. डाग तिथेच असतो, रंग बदललेला असतो कच्च्या राळेचा.

दुसरा भाग: कॅम्फरक्विनोन स्वतः पिवळं असतं आणि क्युअर झाल्यावर त्याचा पिवळेपणा बराच उतरतो. शिवाय राळ घट्ट होताना तिचा अपवर्तनांक वाढतो, म्हणून पारदर्शकताही बदलते. त्यामुळे ट्यूबमधून काढलेल्या मऊ गोळीवरून शेड ठरवली तर हमखास चुकते. वाटाण्याएवढी गोळी दातावर एचिंग (आम्ल लावणं) न करता ठेवायची, जितका थर येणार आहे तितकीच जाड दाबायची, लाइट मारायचा, मग बघायचं. नंतर ती नखाने सुटते.

वाशी_टू_विचुंबे

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

कॅनॉलकर

एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनॉलचा तज्ज्ञ), नवी मुंबई. वर सगळं झाकण्याबद्दल चाललंय. माझा आक्षेप असा की आधी डाग कशाचा ते ओळखा. अर्ध्या केसमध्ये झाकायची गरजच पडत नाही.

रूट कॅनॉल झालेला समोरचा दात काळा पडतो, त्यामागे बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी असतं.

पल्प हॉर्नमध्ये (नसेच्या पोकळीची टोकं) उरलेली ऊती. तरुण माणसाच्या पटाशीच्या दातात डाव्या-उजव्या टोकाला दोन शिंगं असतात. मागून केलेलं भोक फार लहान असेल तर ती साफच होत नाहीत. रक्तातलं लोह डेंटिनच्या नळ्यांमध्ये उतरतं आणि दात राखाडी होतो.

गटापर्चा (मुळाच्या नळीत भरायचा रबरासारखा पदार्थ) आणि सीलर हिरडीच्या वर, दाताच्या शिरोभागात ठेवलेला. तो हिरडीच्या रेषेखाली सुमारे २ मि.मी. कापायला हवा. ही गोष्ट पाच मिनिटांची आहे आणि तरी सर्रास राहून जाते.

जुन्या प्रकारचं एमटीए (मुळात वापरायचं एक सिमेंट). त्यात बिस्मथ ऑक्साइड असतं आणि सोडियम हायपोक्लोराइटशी गाठ पडली की काळं होतं. समोरच्या दातात झिर्कोनियम ऑक्साइडवालं कॅल्शियम सिलिकेट सिमेंट वापरावं.

मिनोसायक्लीन असलेली तीन अँटिबायोटिकांची पेस्ट. मुलांच्या अर्धवट वाढलेल्या मुळांत ती वापरली की दात हिरवट-राखाडी होतो.

या सगळ्यांत आतून ब्लीच करणं आधी. ओपेकर नंतर, लागलाच तर.

पद्धत: गटापर्चा २ मि.मी. खाली कापायचा. त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा किंवा रेझिन-मॉडिफाइड आयोनोमरचा २ मि.मी. बांध घालायचा, त्याची वरची कड हाडाच्या आणि हिरडीच्या रेषेला धरून. हा बांध टाळला तर पेरॉक्साइड नळ्यांतून मुळाबाहेर झिरपतं आणि मूळ बाहेरून झिजायला लागतं. तो त्रास काळ्या दातापेक्षा कैक पटींनी वाईट. मग सोडियम परबोरेट पाण्यात ओल्या वाळूसारखं कालवून भरायचं, वर किमान २ मि.मी. तात्पुरतं सील. दर ३ ते ७ दिवसांनी बदलायचं. दोन ते चार वेळांत बहुतेक दात उजळतात. शेजारच्या दातापेक्षा अर्धी शेड फिका झाला की थांबायचं, थोडा रंग परत येतो.

आणि महत्त्वाचं: ब्लीच संपल्यावर लगेच कायमचं कॉम्पोझिट भरायचं नाही. दातात अडकलेला ऑक्सिजन राळेला घट्ट होऊ देत नाही, बाँडिंग कमकुवत होतं. एक ते दोन आठवडे थांबा. तेवढ्या वेळात आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं तरी चालतं.

चरई_चहा

रूट कॅनॉल न झालेल्या, जिवंत दातात कीड काढल्यावर तपकिरी भाग राहतो, तो का सोडतात? पूर्ण कोरून काढला तर डागच उरणार नाही ना.

कॅनॉलकर

कारण तपकिरी म्हणजे कीड असं समीकरण नाही. एक्स्कॅव्हेटरने खरवडलं आणि कातड्यासारखं मऊ पापुद्रं निघालं तर ते काढायचं. चरचर आवाज येतो, टणक लागतं, तर ते डाग पडलेलं पण धडधाकट डेंटिन. नसेच्या दिशेने असलं तर हात लावायचा नाही. रंगासाठी कोरत गेलात की नस उघडी पडते आणि फिलिंगच्या जागी रूट कॅनॉल होऊन बसतं.

कडेला मात्र कडक राहायचं. इनॅमल आणि डेंटिन जिथे भेटतात ती रेषा चहूबाजूंनी स्वच्छ, टणक आणि शक्य तितकी फिकी हवी. बाँडिंगची पकड तिथली आणि डोळ्याला दिसणारी सावलीही तिथलीच. पोकळीच्या तळाचा तपकिरीपणा वरच्या दोन-अडीच मि.मी.खाली दडतो. कडेला अर्धा मि.मी. इनॅमल असतं, त्यातून सगळं दिसतं.

शेड_ए२

कॅनॉलकर यांना पूर्ण सहमती. 'काळं दिसलं की कोर' हा खाक्या आता मोडीत निघाला आहे, आणि म्हणूनच झाकण्याची कला जास्त लागते.

आता समोरच्या दाताची पूर्ण क्रिया लिहितो. उदाहरण: वरच्या पटाशीच्या दाताच्या कडेला मोठं जुनं फिलिंग, खाली टणक तपकिरी डेंटिन, मागची भिंत गेलेली.

शेड सगळ्यात आधी. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या, भूल, रबर डॅम (दात कोरडा ठेवायचा रबराचा पडदा), कापूस यांच्याही आधी. दात सुकला की इनॅमलच्या बारीक छिद्रांतलं पाणी जाऊन हवा शिरते आणि दात पांढरट दिसतो. पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाहून जास्त, कधी दिवसभर लागतो. सुकलेल्या दाताला जुळवलेलं फिलिंग दुसऱ्या दिवशी शेजारच्या दाताहून जास्त पांढरं उठून दिसतं. लिपस्टिक पुसायला सांगा. एका वेळी पाच-सात सेकंदच बघा, मग राखाडी कागदाकडे नजर वळवा. उजेड ५५०० ते ६५०० केल्विनचा हवा. नौपाड्यातल्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात पिवळ्या बल्बखाली, आणि पावसाळ्यात दुपारी चारला काळोखून आल्यावर खिडकीच्या उजेडात, दोन्हीकडे शेड चुकतेच. ओल्या दाताचा आणि शेड टॅबचा एकत्र फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. उजळपणा जुळला असेल तर पिवळ्या-लालसर छटेतला थोडा फरक डोळा माफ करतो. उजळपणातला फरक तो माफ करत नाही.

जुनं फिलिंग काढल्यावर पोकळी किती खोल आहे ते मोजा. प्रोबवर (तपासायची बारीक सळई) खुणा असतात. दर्शनी बाजूने जागा किती, हा आकडा केसपेपरवर लिहाच.

दर्शनी कडेला १ ते २ मि.मी. रुंद उतार द्या, ४५ अंशांच्या जवळपास. कडेची रेषा लपवायचं अर्धं काम हा उतार करतो, कारण दाताचा रंग हळूहळू मटेरियलमध्ये विरघळतो. काटकोनात संपलेल्या कडेवर कितीही महाग कॉम्पोझिट लावा, पांढरी रेघ दिसणार.

३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल, इनॅमलला १५ ते ३० सेकंद, डेंटिनला १५ च्या वर नाही. धुवा, बाँड (चिकटवणारा द्रव) लावा, हवेने पातळ करा, लाइट. बाँड कोपऱ्यात साचलं तर तिथे पुढे पिवळी रेघ उमटते.

मागची भिंत आधी: पुट्टीच्या (ठसा घ्यायच्या मऊ पदार्थाच्या) साच्यावर ०.३ ते ०.५ मि.मी. इनॅमल शेडचं कवच. यात ओपेक घालायचा नाही.

मग तपकिरी डागावरच, फक्त डागावर, ओपेकर. ब्रशने ०.२ ते ०.३ मि.मी., ४० सेकंद. पुरला नाही तर दुसरा तितकाच पातळ हात. एकदम जाड लावला तर आत कच्चा राहतो.

त्यावर डेंटिन शेड ०.७ ते १ मि.मी. हा थर उताराच्या मध्यापर्यंत आणून विरवत न्यायचा. डेंटिन कडेच्या आधीच थांबलं तर कडेला राखाडी पट्टा राहतो. कोपरा जुळवण्याच्या कामात सगळ्यात जास्त फसतं ते इथे.

शेवटी इनॅमल शेड, ०.३ ते ०.५ मि.मी. आणि त्याहून जास्त नाही. खऱ्या इनॅमलचा अपवर्तनांक १.६२, कॉम्पोझिटचा १.५ च्या आसपास. म्हणून जितकं इनॅमल गेलं तितकंच जाड कॉम्पोझिट भरलं की उजळपणा पडतो, दात काचेसारखा करडा दिसतो. खऱ्याच्या साधारण निम्मी जाडी पुरे.

वरून ग्लिसरीन जेल लावून आणखी २० सेकंद. हवा लागलेला वरचा चिकट थर क्युअर होत नाही, तो तसाच राहिला तर पहिल्याच आठवड्यात आमटीतली हळद पितो. मग डिस्क भरडीकडून बारीककडे, क्रम न चुकवता.

रंगद्रव्य

झाकायचा रंग पांढराच का? आमच्याकडे निळसर राखाडी झाकायला शुद्ध पांढरा प्रायमर कधी देत नाहीत, वरून घाणेरडा करडा होतो.

शेड_ए२

दातातही तेच. शुद्ध पांढऱ्या ओपेकरखाली निळसर राखाडी डाग मेलेल्या करड्या रंगाचा होतो. म्हणून गुलाबी आणि पिवळसर-नारिंगी ओपेकर मिळतात. चांदी किंवा टेट्रासायक्लीनच्या निळसर-करड्याला उबदार छटा मारते. तपकिरी डागाला मात्र जास्त पिवळा ओपेकर घेऊ नका, तो आधीच तिकडे झुकलेला असतो. तिथे ए१-ए२ च्या आसपासचा ओपेक बरा.

ऐरोली_सेक्टर

दाढेतली जुनी चांदी काढून पांढरं भरलं, तरी बाहेरून दाढ निळसर दिसते. सगळी चांदी निघाली नाही का?

कॅनॉलकर

निघालेली असते. गंजलेल्या चांदी-कथिलाचे कण वर्षानुवर्षं डेंटिनमध्ये उतरलेले असतात, ते घासून जात नाहीत. कोरत बसलात तर दाढेची भिंत पातळ होईल आणि चावताना फुटेल. तळाला रेझिन-मॉडिफाइड आयोनोमर, त्यावर आतल्या भिंतीला उभा ओपेकरचा पातळ हात, मग कॉम्पोझिट. हसताना दिसणारी पहिली उपदाढ असेल तरच हा खटाटोप. मागच्या दाढेत निळसरपणा राहू द्या, कोणाला दिसत नाही.

अवांतर: "चांदीत पारा असतो म्हणून तोंडातली सगळी काढून टाका" असे फॉरवर्ड फिरतात. २०१३ च्या मिनामाता करारात चांदीचा वापर हळूहळू कमी करायचं ठरलं, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ती बंद केली. पण धड असलेली चांदी काढा असं त्यात कुठेही नाही. उलट काढतानाच वाफ जास्त सुटते.

दुधाचे_दात

मुलांच्या दातांबद्दल थोडकं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड ३८ टक्के लावलं की कीड थांबते पण भाग कुळकुळीत काळा होतो, हे आईबाबांना आधीच फोटो दाखवून सांगावं. त्यावर ग्लास आयोनोमर भरता येतं, ते कॉम्पोझिटपेक्षा मुळातच जास्त अपारदर्शक. तरी १ मि.मी. थरातून करडी झाक येतेच. सिल्व्हर लावून लगेच पोटॅशियम आयोडाइड लावलं तर काळेपणा कमी होतो, पूर्ण जात नाही. दुधाच्या समोरच्या दाताला त्या वयात एवढं पुरतं.

वाशी_टू_विचुंबे

ते नवीन 'एकच शेड सगळ्यांना' वालं कॉम्पोझिट येतं, ते डाग झाकतं का?

शेड_ए२

नाही. ऑम्निक्रोमा घ्या उदाहरणादाखल. त्यात २६० नॅनोमीटरचे एकसारखे गोल कण असतात आणि रंगद्रव्य नसतं. भोवतालच्या दाताचा रंग ते उचलतं. पण खाली काळं असेल तर काळंही तितक्याच इमानाने उचलतं. म्हणून तर त्याच कंपनीने सोबत वेगळा 'ब्लॉकर' काढला आहे. दाढेतल्या छोट्या पोकळीला हे प्रकरण झकास. आरपार तुटलेल्या पटाशीच्या दाताला ब्लॉकरशिवाय वापरू नये.

खोपट_स्टँड

आणि पांढरे डाग? विदर्भातल्या नातेवाइकांच्या दातांवर पांढरे-पिवळे चट्टे आहेत, पाण्यातल्या फ्लोराइडचे.

शेड_ए२

तिथे तर्क उलटा चालतो. पांढरा चट्टा म्हणजे इनॅमलमध्ये बारीक छिद्रं. इनॅमल १.६२, छिद्रातलं पाणी १.३३, सुकलं की हवा १.००. रंगद्रव्य यांनी सांगितलेला फरक इथे नको तितका आहे, म्हणून उजेड विखुरतो आणि चट्टा पांढरा दिसतो. त्यावर ओपेक फासण्याऐवजी पातळ राळ आत मुरवतात, जिचा अपवर्तनांक इनॅमलच्या जवळ असतो. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिनिटं, धुणं, अल्कोहोलने सुकवणं, राळ ३ मिनिटं मुरू देणं, लाइट, मग दुसरा हात. अल्कोहोल लावल्यावरच कळतं: चट्टा तेव्हा फिका पडला तर राळेनेही पडेल. नाही पडला तर आम्ल पुन्हा एकदा. तपकिरी डाग याने जात नाहीत, त्याला आधी ब्लीच.

सिरॅमिक_कारागीर

इतकी कसरत करण्यापेक्षा कॅप घाला, विषय संपतो. लॅबवाल्याचं मत समजा.

कॅनॉलकर

विषय संपत नाही, तुमच्याकडे सरकतो. कॅपसाठी दात चहूबाजूंनी १ ते १.५ मि.मी. तासावा लागतो. तेवढी जागा मिळाली तर कॉम्पोझिटनेही झाकलं असतं. आणि अर्ध्या मि.मी.चा पारदर्शक लिथियम डिसिलिकेट व्हिनीअर (दर्शनी बाजूचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा) काळ्या दातावर बसवून बघा.

सिरॅमिक_कारागीर

तो मुद्दा मान्य. डॉक्टर मंडळी घासलेल्या दाताचा फोटो आणि शेड पाठवतच नाहीत, फक्त 'ए२' लिहितात. खाली काळा दात आहे की धातूचा पोस्ट, आम्हाला कळणार कसं? फोटो आला तर आम्ही जास्त ओपेक इन्गॉट (सिरॅमिकचा ठोकळा) निवडतो. न पाठवता नंतर "कॅप करडी दिसते" म्हणून परत पाठवतात.

माझ्या मते सीमा अशी: दर्शनी पृष्ठाचा अर्ध्याहून जास्त भाग काळा, ब्लीचने हलत नाही, आणि दात आधीच बराच गेलेला असेल तर कॅप. दात शाबूत आणि फक्त रंगाची तक्रार असेल तर कॅपसाठी तासणं मलाही पटत नाही, धंदा माझा असला तरी.

चरई_चहा

नवरात्रात गरब्याच्या मंडपात जांभळे दिवे असतात, तिथे काही लोकांचा एकच दात काळा दिसतो. तो यातलाच प्रकार का?

शेड_ए२

हो. खरा दात अतिनील उजेडात निळसर चमकतो. जुनी कॉम्पोझिट आणि काही ओपेकर चमकत नाहीत, म्हणून तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. दिवसा काही कळत नाही. चमकणारी कॉम्पोझिट मिळतात, पण ओपेकर खाली आणि चमकणारं इनॅमल वर असं असेल तरच उपयोग.

ऐरोली_सेक्टर

हे सगळं नीट करणारे कुठे मिळतील? साध्या दवाखान्यात एवढा वेळ देतात का?

कॅनॉलकर

वेळ हाच खर्च आहे. २० मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये तीन थर होत नाहीत. दंत महाविद्यालयांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह (फिलिंग-रूट कॅनॉलच्या) विभागात पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली निवांत काम करतात: नेरुळचं डी. वाय. पाटील, बेलापूरचं भारती विद्यापीठ, कामोठ्याचं एमजीएम. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ सरळ पडतं. सकाळची वेळ घ्या, शेड दिवसाच्या उजेडात घेता येते. खासगीत जाल तर एवढंच विचारा: शेड दात सुकवण्याआधी घेणार का, आणि ओपेकर ठेवता का.

खोपट_स्टँड

आधीच भरलेलं फिलिंग करडं दिसत असेल तर सगळं उकरावं लागतं का?

शेड_ए२

बहुतेक वेळा नाही. एक्स-रेत खाली कीड नसेल आणि कडेला प्रोब अडकत नसेल तर फक्त दर्शनी बाजूने १ ते १.२ मि.मी. उतरवायचं. पाण्याचा फवारा चालू ठेवून. पण जुनं कॉम्पोझिट आणि दात यांची सीमा सुकल्यावरच दिसते, म्हणून अधूनमधून हवा मारून बघायचं. ५० मायक्रॉन अॅल्युमिनाने जुना पृष्ठभाग खरवडायचा, भोवतालच्या इनॅमलला आम्ल, जुन्या कॉम्पोझिटला सिलेन (पकड वाढवणारा द्रव), सगळीकडे बाँड. मग ओपेकर, डेंटिन, इनॅमल, वर लिहिल्याच क्रमाने. कडेला नुसती तपकिरी रेघ असेल, मिश्रीची किंवा चहाची, तर आधी डिस्कने पॉलिश करून बघायचं. बऱ्याचदा तेवढ्यावरच निघते.

आणि केसपेपरवर मटेरियलचं नाव, शेड आणि थर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कोपरा उडाला की दुसऱ्या डॉक्टरला अंदाज बांधत बसावं लागत नाही.